ब्रेकवरचा पाय

आमच्या घरात तेलाला नाव नव्हतं. तेल म्हटलं की करडईचं, आणि करडईचं म्हटलं की आमच्याच घाण्याचं. बाळीवेशीत पुढं घर, मागं घाणा आणि मध्ये एवढंसं अंगण, त्यामुळं सकाळी डोळा उघडला की आधी पट्ट्याची फटफट ऐकू यायची आणि मग देवाचं नाव. कडक भाकरीवर शेंगाचटणी घ्यायची, चटणीत अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात कच्चं तेल ओतायचं, ही आमची न्याहारी. कान दुखला, तेल. दार कुरकुरलं, तेल. पाहुण्यांच्या पोरीला मुलगा बघायला येणार असला तरी अव्वा, म्हणजे माझी आई, आधी तिच्या डोक्यावर पळीभर तेल थापायची. 'तेलानं वाईट झालंय असं कुटं ऐकलंय का' असं ती म्हणायची, आणि खरंच आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. माझ्या आज्जानं, वडिलांच्या वडिलांनी, मला लहानपणी तेल ओळखायला शिकवलं होतं. थेंब तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या हातानं तापेपर्यंत चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. शेंगदाण्याचा वास लगेच येतो आणि लगेच जातो. करडईचा उशिरा येतो, थोडा गवतासारखा, आणि जेवण होईपर्यंत हाताला राहतो. सरकीची भेसळ असली तर मी एका हुंगण्यात सांगायची. कॉलेजात मात्र केमिस्ट्रीत नापास झाले. पुन्हा परीक्षा येईपर्यंत घरी बसायचं ठरलं, आणि ज्या काळाबद्दल मी लिहिते आहे तो हा घरी बसण्याचा काळ.

अप्पांनी, माझ्या वडिलांनी, दुसऱ्याच्या हातची एक जुनी डबागाडी, म्हणजे मागं बंद पेटी असलेली मालाची मोटार, घेतली होती. तिच्यातून तेलाचे डबे कुंभारी, वळसंग आणि पुढं अक्कलकोटच्या वाटेवरच्या दुकानांना जायचे. अप्पांचे गुडघे गेलेले, भाऊ पुण्याला शिकायला, म्हणून डब्यांबरोबर मी जायची. रिकामे डबे परत घेताना हुंगून बघायचं काम माझं, कारण काही दुकानदार त्यात रॉकेल ठेवायचे. गाडी बिरूमामा चालवायचा. तो सांगोल्याकडचा धनगर. त्याच्या भावानं कुंभारीला शेळ्या ठेवल्या होत्या आणि तोही तिथंच राहायचा. पंचेचाळिशीचा असेल. बोलायचा कमी, आणि बोलला तरी गाडीशीच जास्त. चढ आला की 'चल गं बाई' आणि उतार आला की 'हळू, हळू, कुनी बलावलं न्हाय तुला.' आमच्याकडं तो आठ वर्षं होता. आठ वर्षांत त्यानं एक कुत्रंसुद्धा चाकाखाली घेतलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि गाडीला खोड लागली. कुंभारीपर्यंत बरी जायची, आणि वळसंगच्या अलीकडं एकदम जड व्हायची. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. बिरूमामा गिअर बदलायचा, पुन्हा बदलायचा, शेवटी बाजूला घ्यायचा. उतरून चाकाजवळ गेलं की जळका वास. पहिल्या दिवशी त्यानं लोट्यातलं पाणी चाकातल्या ड्रमवर शिंपडलं तर तव्यावर पडावं तसं चुर्र झालं. "ब्रेक धरून बसलाय बगा. पाय काढला तरी सोडंना झालाय," तो म्हणाला. मग आम्ही लिंबाखाली अर्धा तास बसलो. तेवढ्यात ड्रम गार झाले, गाडी पुन्हा मोकळी, जसं काही झालंच नाही. हे एकदा झालं असतं तर मी विसरूनही गेले असते. पण ते दर फेरीला होऊ लागलं. कधी येताना, कधी जाताना, कधी दोन्ही वेळा. वळसंगचा दुकानदार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "तुमचं तेल येतंय म्हनं, चालत येतंय का?" मला त्या लिंबाच्या झाडाचा इतका संताप यायला लागला की अजूनही त्या रस्त्यानं जाताना मी दुसऱ्या बाजूला बघते.

गाडी आम्ही रसूलभाईंकडं न्यायचो. विजापूर वेशीजवळ त्यांचं गॅरेज, म्हणजे एक पत्र्याची शेड, एक खड्डा आणि एक बाकडं. माणूस हाताचा चांगला. पण झालं काय की गाडी त्यांच्याकडं पोचेपर्यंत गार झालेली असायची. ते जॅक लावायचे, चाक उचलायचे, हातानं फिरवायचे, आणि ते चाक असं गरगर फिरायचं की मलाच लाज वाटायची. "ये देखो बेटी. मख्खन. क्या खराब है?" मी सांगायची, तापल्यावर धरतंय. ते म्हणायचे, "तापल्यावर लेके आओ." वळसंगला तापलेली गाडी विजापूर वेशीपर्यंत तापलेली कशी आणायची? डॉक्टरच्या दारात ताप उतरतो म्हणतात, तसलीच गत.

तरी त्यांनी एकेक करून सगळं केलं. आधी ब्रेक सैल केले. चार दिवस पेडल खाली फळीला टेकायचं, मंगळवार पेठेत एका टांग्याला आम्ही थोडक्यात चुकवलं, आणि वळसंगला गाडीनं धरायचं ते धरलंच. मग आतल्या स्प्रिंगा बदलल्या. मग पुढच्या चाकांचे सिलिंडर खोलले, स्वच्छ निघाले, पुन्हा लावले. प्रत्येक वेळी अप्पा विचारायचे, "झालं का?" आणि प्रत्येक वेळी मी आनंदानं "झालं" म्हणायची आणि दोन दिवसांनी तोंड पाडून परत यायची. शेवटी रसूलभाईंनी मास्टर खोलला. मास्टर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकऑइल चारी चाकांकडं ढकलणारा मुख्य सिलिंडर. त्यात एक रबराची वाटी असते. ती फुगली होती. रसूलभाई खूश झाले. "मिल गया! रबर पुराना हो गया, बस." नवी वाटी घातली. ब्रेकऑइल महाग असायचं आणि नेहमी मिळायचंही नाही, म्हणून आतलं काढून फडक्यातून गाळून तेच पुन्हा भरलं. सगळी गॅरेजं तसंच करायची, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. गाडी सुरेख चालायला लागली. पहिला आठवडा, दुसरा आठवडा. बिरूमामानं वळसंगच्या पुढं गेल्यावर गाडी मुद्दाम थांबवली, ड्रमला हात लावला आणि माझ्याकडं बघून हसला. तो असा दात दाखवून हसलेला मी पहिल्यांदा बघितला.

माझ्या भाच्यानं परवा नवी गाडी घेतली. तिच्यात ब्रेकचा एक पिवळा दिवा लागला. मी म्हटलं, आता ह्याचे दोन महिने गेले. पण मेकॅनिकनं एक डबी गाडीला जोडली आणि डबी म्हणाली, मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर गेला आहे. चाक किती वेगानं फिरतंय हे सांगणारी एक अंगठ्याएवढी वस्तू असते म्हणे, ती खोटं सांगत होती. वीस मिनिटांत बदलली, दिवा गेला. ड्रायव्हर कसा चालवतो हे कुणी विचारलंसुद्धा नाही. भाचा म्हणाला, "आत्या, तू रडतेस काय?" मी म्हटलं, डोळ्यात काही गेलं.

कारण तिसऱ्या आठवड्यात गाडीनं पुन्हा धरलं. त्याच ठिकाणी, त्याच झाडाखाली. मी उतरलेच नाही, तिथंच सीटवर बसून पायांनी फळी बडवली. रसूलभाईंनी गार झालेलं चाक पुन्हा फिरवून दाखवलं आणि या वेळी बाकड्यावर बसलेल्या चार गिऱ्हाइकांसमोर अप्पांना म्हणाले, "अप्पा, मैं सब नवा डाल्या. अब गाडी में कुछ नै है. डायवर का पाँव देखो. पाँव ब्रेक पे रखके चलाताय क्या की." अप्पांना ते लगेच पटलं. वैतागलेल्या माणसाला जे आधी मिळतं ते पटतं. बिरूमामा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "मालक, बिरोबाची आन, माझा पाय तितं नसतो." चौघांपैकी एकजण म्हणाला, "सवय आसती, आपल्यालाच कळत न्हाय." आणि बाकीचे हसले.

घरी आल्यावर अप्पांनी मला बोलावलं. "उद्या शेजारी बसून त्याच्या पायाकडं बघ. दुसरीकडं बघायचं नाही. आणि खरं सांग."

मी बघितलं. बाळीवेशीपासून वळसंगपर्यंत आणि परत. त्याच्या पायात कोल्हापुरी वहाण असायची, त्या दिवशी ती काढून त्यानं सीटमागं ठेवली होती. अनवाणी पाय अॅक्सिलेटरवर, नाही तर खाली फळीवर. ब्रेकची गरज लागली की वर यायचा, दाबायचा आणि चटका बसावा तसा मागं जायचा. माझ्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही, 'चल गं बाई' म्हणाला नाही. आणि गाडीनं धरलंच. जाताना एकदा, येताना एकदा. दुपारचं ऊन, डब्यांचा खडखडाट, झाडाखालचे ते अर्धे अर्धे तास, आणि परीक्षा महिन्यावर आलेली. मी घरी आले तेव्हा माझं डोकं फुटायच्या बेताला आलं होतं. अप्पांनी दारातच विचारलं, "पाय होता का ब्रेकवर?"

मी म्हणाले, "असेल."

एवढंच. नव्हता, हे मी बघितलं होतं. पण नव्हता म्हटलं असतं तर पुन्हा गॅरेज, पुन्हा चाक वर, पुन्हा ते झाड. असेल म्हटलं की विषय संपत होता. मी चप्पल काढली आणि आत जाऊन पाणी प्याले. बाहेर अप्पा बिरूमामाला काय बोलले ते मी ऐकलं नाही, ऐकायचंच नव्हतं. अव्वा तेवढी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि मला म्हणाली, "येनायतु? काय झालं गं? बिरू जेवला न्हाय, तसाच गेला की."

नवा ड्रायव्हर आला. चुणचुणीत, केसांना भांग, काळा चष्मा. दुसऱ्या फेरीला वळसंगच्या अलीकडं गाडी जड झाली. अप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ह्यालाबी तीच खोड? सगळे डायवर एका माळेचे मणी." मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग इतका राग आला की मी कुणाला न विचारता त्या नव्या ड्रायव्हरला घेऊन रसूलभाईंच्या दारात गेले आणि सांगितलं की मास्टर माझ्यासमोर खोला, मी इथून हलणार नाही. मुलीच्या जातीनं गॅरेजात बसायचं हे त्यांना आवडलं नसावं, पण त्यांनी खोललं. वाटी बाहेर आली. महिनाभर वापरलेली नवी वाटी, भिजलेल्या हरभऱ्यासारखी फुगलेली आणि बोटानं दाबली की मऊ.

"नवं रबर महिन्यात कसं फुगलं?" मी विचारलं.

रसूलभाईंनी वाटी उलटीपालटी करून बघितली. मग मलाच समजावू लागले की मास्टरमध्ये सुईएवढं एक भोक असतं. पाय काढल्यावर चाकांकडचा दाब त्या भोकातून मागं निघून जातो. वाटी फुगली की भोक झाकतं, दाब आतच राहतो, ब्रेक तापतात, तापले की अजून आवळतात. गार झाले की सुटतात. हे सगळं त्यांना पाठ होतं. पण वाटी फुगली कशानं, हे त्यांनी पहिल्या खेपेलाही स्वतःला विचारलं नव्हतं आणि मीही त्यांना विचारलं नव्हतं. बोलता बोलता त्यांनी सवयीनं फडकं घेतलं आणि जुनं ऑइल गाळायला लागले. मी त्यांच्या हातातलं भांडं ओढून घेतलं. शेजारी सरबताची रिकामी बाटली होती, तिच्यात ते सगळं ओतलं आणि बाकड्यावर ठेवलं. का ते मला नीट सांगता आलं नसतं. घाण्यावर शंका आली की तेल काचेत ठेवून वाट बघायची, एवढीच माझी विद्या होती.

चहा झाला, त्यांचा नमाज झाला, दुपार कलली. बाटलीत दोन थर दिसायला लागले. खाली गढूळ, आणि वर बोटभर पिवळं, स्वच्छ. रसूलभाई म्हणाले, "ये क्या है?" मी वरचा थेंब तळहातावर घेतला आणि चोळला. आधी काहीच नाही. मग उशिरानं तो गवतासारखा वास आला.

 त्या वासाबरोबर मला ते सगळं आठवलं. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडं घाण्याची, वजनकाट्याची, गाडीची, सगळ्यांची पूजा असायची, आणि त्या दिवशीच्या पहिल्या घाणीचं थोडं तेल प्रत्येक यंत्राच्या तोंडात घालायचं, हा आज्जाच्या वेळेपासूनचा रिवाज. यंत्राला आधी जेवू घालायचं, मग आपण जेवायचं. बिरूमामा सणाला गावी गेला होता, जाताना गाडी धुऊन पुसून गेला होता. अव्वानं चांदीची पळी माझ्या हातात दिली, "एक बी तोंड उपाशी ठेवू नको" म्हणाली. मी गाडीचं तोंड उघडलं. पाण्याच्या टाकीत घातलं नाही, तेवढी अक्कल होती. बॅटरीला हात लावू नको असं बिरूमामानं सांगितलं होतं, तिलाही नाही. इंजिनामागच्या पत्र्याशी एक लहान टोपणाचा डबा होता, बोटभर रिता; तो ब्रेकऑइलचा, हे मला कुठं ठाऊक. तो मला उपाशी वाटला. मी तो काठोकाठ भरला, वर हळद-कुंकू लावलं आणि त्यानंतर ते डोक्यातून इतकं गेलं की दोन महिने मी त्या गाडीच्या प्रत्येक भागाला शिव्या घातल्या, माझ्या हाताची आठवण एकदाही झाली नाही.

घरी बाटली अप्पांपुढं ठेवली. त्यांनी थेंब घेतला, चोळला, हुंगला. बराच वेळ हात नाकाशीच होता. "आपलंच हाय," ते म्हणाले. मग खूप खालच्या आवाजात, "बाजारात बोलू नको. आपल्या तेलानं रबर कुजलं म्हणतील लोक." आणि आणखी थोड्या वेळानं, "बिरूला घेऊन ये." स्वतः जावं असं त्यांना वाटलं नाही, आणि तुम्ही चला असं म्हणायला मला तोंड नव्हतं. त्यांनी मला खरं सांग म्हणून सांगितलं होतं.

रसूलभाईंनी सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, चारी चाकांची रबरं नवी घातली, नवं ऑइल भरलं. ते मनानं खजील झाले होते, मजुरीची गोष्टही काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गाडी चालवत मला कुंभारीला घेऊन गेले. बिरूमामा शेळ्यांना पाला टाकत होता. मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पळी, डबा, बाटली. चूक माझी आहे, म्हणाले. रडले. तो ऐकून घेत होता आणि पाला टाकत होता. मग हात झटकले आणि म्हणाला, "गाडी बगू."

रसूलभाई मागं डब्यांत बसले, मी पुढं. वळसंग आलं, गेलं. पार अक्कलकोटच्या अलीकडंपर्यंत तो गेला. गाडीनं कुठंच धरलं नाही. त्यानं ती बाजूला घेतली, उतरून चारी ड्रमना एकेक करून तळवा लावला. मीही लावला. कोमट, बस. मला इतकं हलकं वाटलं की मी म्हटलं, "मामा, उद्यापासून या. अप्पांनी बोलावलंय."

तो चाकाशी उकिडवा बसला होता. "दोन मालकांकडं जाऊन आलो," तो म्हणाला. "दोगंबी म्हनले, ब्रेकवर पाय ठेवनारा त्योच का तू. घरी बसून मलाच वाटाया लागलं, आसंल. आपलाच पाय आसंल." मग माझ्याकडं बघितलं. "तेलाचं मनात धरू नका, लीलाक्का. सणाचा दिस, तुमाला काय ठावं. मी असतो तर अडवलं असतं, मी नव्हतो. पन त्या दिशी तुमी शेजारी बसला हुता. समदा रस्ता माज्या पायाकडं बगत हुता, मला कळत हुतं की. पाय न्हवता. तुमी बगितलं हुतं न्हवं?"

"बघितलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते सांगताना मला ते किती लहान आहे हे कळत होतं. "मी कंटाळले होते, मामा."

त्यानं मान हलवली. रागानं नाही. एखादा हिशेब न जुळणारा होता तो जुळला, अशी. परत कुंभारीपर्यंत गाडी त्यानंच आणली, सावकाश, उतारावरसुद्धा तिच्याशी एक शब्द न बोलता. घरासमोर उतरला, किल्ली काढली आणि ती रसूलभाईंच्या हातात दिली. मी हात पुढं केला होता. मग तो शेळ्यांकडं गेला.